हिरवा टॅग

डांगे चौकाच्या अलीकडे आमची ऑफिसची गाडी ठप्प झाली होती, तेव्हा मिहिरनं बाबांचा आवाज काढला. ते माझे बाबा आहेत हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलंही नव्हतं. फोनवर नुसतं वाचलं होतं, आणि वाचून वाचून त्याच्या डोक्यात एक आवाज तयार झाला होता. तोच त्यानं घसा खाकरून, नाकातून काढला, ‘‘वाक्य तपासले. दोन ठिकाणी दोष. ओके आफ्टर रीवर्क!’’ वर्षाली खिदळली. गाडी चालवणारा बंटी, ज्याला यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, तोही हसला. हिंजवडीहून निघाल्यापासून आम्ही जेमतेम दोन सिग्नल पार केले होते, अशा वेळी फुकटचं हसू कोण सोडतं! आणि मीही हसले. चांगली खळखळून हसले. मग मिहिरनं फोन माझ्यापुढे धरला, ‘‘हे बघ, स्टिकर. इन्स्पेक्टर काका,’’ आणि मी पाहिलं. एका व्हर्नियरच्या फोटोला कुणीतरी चष्मा आणि झुबकेदार मिशा लावल्या होत्या. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी मोजायची ती पोलादी पट्टी. तिच्याखाली जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड होतं, आणि मेणकापडावर अर्धगोल जळका डाग होता. तो डाग मी पाडलेला आहे. मागच्या दिवाळीत, गॅसवरून उतरवलेली कढई तशीच टेकवून.

माझं हसू तोंडावर राहिलंच. ते काढून कुठे ठेवायचं हे कळेना. मिहिर मोठ्या उत्साहानं सांगत होता. ग्रुपचं नाव ‘फुल चार्ज मंडळी’. बहुतेक सगळे आपल्या पिंपरी-चिंचवडचे, थोडे चाकणचे, एकदोन देहूरोडचे. नवे फोन, स्पीकर, मालिका, सिनेमे यांवर मतं मांडायची. परीक्षणं इंग्रजीत लिहायची, कारण मग ती बाहेरच्या मोठ्या साइटवर टाकता येतात. आणि इंग्रजी आलं की मारामारी आली. इथे फोनच्या बॅटरीवरून कमी आणि ‘डिस्कस अबाउट’ चालतं की नाही यावरून जास्त डोकी फुटतात. त्यात हे काका. वायरवाल्या इअरफोनचे कट्टर. ज्या मालिकेत सगळं अंधारात घडतं तिला त्यांचा शेरा, ‘प्रकाश अपुरा, तपासणी शक्य नाही.’ आणि कुणाचंही इंग्रजी दिसलं की ते तपासून खाली ठरलेली सही, ओके आफ्टर रीवर्क. ‘‘एकदा स्वतःच चुकले,’’ मिहिर म्हणाला, ‘‘एका पोरानं पुरावा दिला. तर काय लिहावं यांनी? ‘मान्य. शेरा मागे घेतो. शिकलो.’ आम्ही आठवडाभर हसत होतो राव.’’ मग त्यानं फोन उंच धरला. ‘‘हसा सगळे. काकांचा फॅन क्लब, थेट जॅममधून. ग्रुपवर टाकतो.’’ मी खिडकीकडे मान वळवली, चांगली चौकटीबाहेर नेली. तोंड बाजूला केलं की माणूस फोटोतून गेला, असं मला वाटलं. क्वालिटीतल्या, जन्मभर माल तपासलेल्या माणसाच्या पोटी जन्म घेऊन असं वाटावं, म्हणजे कमालच.

‘ते माझे बाबा आहेत.’ चार शब्द. गाडी रांगत रांगत चिंचवडला येईपर्यंत ते मी मनात कितीतरी वेळा मांडून पाहिले. चिडून, हसत, सहज, वर्षालीच्या कानात. पण या गाडीत मला मागचं-पुढचं काही नव्हतं, आणि त्याचीच मला चैन होती. इथे कुणाला माहीत नव्हतं की मी बेंगळुरूहून संसार गुंडाळून दोन बॅगांसह परत आलेली बाई आहे. इथे मी फक्त अनुया, टेस्टिंगमधली, जरा फटकळ, जिच्या डब्यात भाजी चांगली असते. एक धागा ओढला की सगळं स्वेटर उसवतं. वडील कोण म्हटलं की घर कुठलं आलं, घरी कोण कोण आलं, आणि मग ‘अगं, तू माहेरी राहतेस?’ हेही आलं. असली कारणं मी स्वतःला दिली. कारणं मला चांगली सुचतात. खरं एवढंच होतं की मला लाज वाटली. बाबांची वाटली. आणि लाज वाटली याची लाज लगेच तिच्या पाठोपाठ आली, पण ती उशिराच आली.

घरी बाबा शर्टाला इस्त्री करत होते. ‘‘आलीस होय? वाकडला फार अडकलात का आज?’’ मी म्हटलं, नेहमीचंच. त्यांनी मान हलवली आणि बाहीची घडी बोटानं चापून पाहिली. इस्त्रीसुद्धा ते तपासून करतात. आयुष्य त्यातच गेलं. बार्शीहून डिप्लोमा घेऊन आले ते पिंपरीच्या कारखान्यात क्वालिटीला लागले, पुढे कंपनीच्या मागे चाकणला गेले. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि त्याला टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार, आणि पिवळा म्हणजे रीवर्क, थोडं घासा, थोडं सरळ करा आणि परत आणा. लाल टॅग बांधायला बाबांचा हात कधी लवकर उठला नाही. मुकादम कातावायचे म्हणे, की शरच्चंद्र साहेबांच्या टेबलावर नुसता पिवळ्याचा ढीग. पण पिवळ्याचा हिरवा झाला की ते रिपोर्टवर लिहायचे तेच तीन शब्द, आणि घरी येऊन आईला खुशीत सांगायचे, आज अमुक नग वाचवले. जशी काही मांजरीची पिल्लं पाण्यातून काढली. घरातही हाच शब्द. आईची पहिली फसलेली पुरणपोळी, माझं गणित, गळका नळ, सगळ्यावर बाबांचा एकच शेरा. ज्याला मिहिर तोरा समजत होता तो बाबांच्या तोंडचा सगळ्यात मायेचा शब्द होता. टाकून देण्यासारखं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे मी गाडीत सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं.

आणि इंग्रजी, तेही त्यांचं नव्हतंच. ते आईचं. शुभदाबाई म्हणून शाळेत तिचा दरारा होता. इंग्रजी शिकवायची. नव्या नवऱ्याचे रिपोर्ट साहेबाकडून रेघा मारून परत येतात हे कळल्यावर तिनं रात्रीच्या जेवणानंतर टेबल पुसून त्यांची शिकवणीच सुरू केली. पुढे मीही शेजारी माझा अभ्यास करायला बसायची, आणि बाबा माझ्याहून जास्त चुका करायचे. आईनं चूक दाखवली की ते आनंदानं म्हणायचे, ‘‘मान्य. शिकलो.’’ मी मोठी झाले, त्यांचे रिपोर्ट सुधारले, तरी ते तिला वाचून दाखवायचे थांबले नाहीत. मग आई गेली. त्यानंतर बरेच दिवस बाबा त्या टेबलाशी नुसते बसायचे, समोर व्हर्नियर, आणि मेणकापडाची जाडी मोजायचे. टीव्हीच्या रिमोटची मोजायचे. पार्ले बिस्किटाची मोजायचे. मीच त्यांना फोन घेऊन दिला. ग्रुप त्यांचा त्यांनी शोधला. परत बोलायला लागले, जेवताना हसायला लागले, ‘‘अगं, एक पोरगा काय लिहितो बघ’’ म्हणून सांगायला लागले. मी ‘हं’ म्हणायची. ऐकलं कधी नाही. म्हणून तर मिहिरच्या तोंडून, त्या नाकातल्या आवाजात, घरचाच शब्द ऐकूनही मला ते आधी ओळखू आले नाहीत.

‘‘रविवारी सगळे भेटणार आहोत,’’ बाबा इस्त्री उभी करत म्हणाले. ‘‘प्राधिकरणात, त्या हॉटेलच्या वरच्या हॉलमधे. मला म्हणाले, काका, व्हर्नियर घेऊन या.’’

मला दिसलंच ते, मिहिर माईक घेऊन, आणि बाबा मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हटलं, ‘‘जायलाच हवं का? उन्हाचं. तुमचा गुडघा...’’

‘‘गुडघा बसूनच असणार.’’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘तू नको येऊस. मी बसनं जाईन.’’

‘‘तिथं सगळी तरुण पोरं असतील, बाबा. थट्टा करतात ती.’’

‘‘करू दे की. थट्टा करायला तरी माणूस लागतो ना समोर?’’ असं म्हणून त्यांनी शर्ट हँगरला लावला, आणि विषय संपला. माझ्याकडे पाठ होती. मला वाटलं, यांना काही माहीत नाही. किती भोळे आहेत. आणि मग मी तो उद्योग केला जो आपण म्हाताऱ्या आईबापांच्या बाबतीत हमखास करतो. त्यांना जपायचं ठरवलं. म्हणजे काय करायचं ते ठरवलं नाही, नुसतं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याची पिशवी उचलली तर तिच्या बंदाला टॅग नव्हता. हा टॅग म्हणजे काय ते सांगायला हवं. बेंगळुरूहून आल्यावर मी काही महिने घरात पडून होते. जेवायची, झोपायची, भिंतीकडे तोंड करायची. बाबांनी काही विचारलं नाही. नातेवाईक विचारायला आले त्यांना त्यांनी चहा देऊन वाटेला लावलं. मग हिंजवडीची नोकरी लागली, आणि पहिल्या दिवशी दारात त्यांनी डबा हातात दिला. पिशवीच्या बंदाला कारखान्यातला जुना प्लास्टिकचा हिरवा टॅग बांधलेला. मी जिना उतरले आणि खालच्या पार्किंगमधे, कुणाच्या तरी ॲक्टिव्हाच्या आडोशाला, पोटभर रडले. तेव्हापासून तो तिथेच होता. गाडीत एकदा वर्षालीनं विचारलं होतं, हे काय गं? मी म्हटलं, असंच, पिशवी ओळखू यावी म्हणून. आता तो नव्हता. मला वाटलं, धुताना काढला असेल, बांधायचं विसरले. वय झालं. उगीच भरून आलं मला, आणि त्यांना काही बोलले नाही, विसरल्याचं लक्षात आणून दिलं तर वाईट वाटेल म्हणून. किती शहाणी मी. त्याच्या दुसऱ्या दिवशीही टॅग नव्हता. गाडीत मिहिर ‘ओके आफ्टर रीवर्क’ करतच होता. आता तो बंटीच्या ब्रेकलाही शेरा मारायचा, आणि बंटी म्हणायचा, ‘‘मॅडम, ह्ये काय लावलंय ओ ह्यांनी, मला बी शिकवा की.’’ आणि मी ते चार शब्द जिभेवर घेऊन बसायची. चिंचवड आलं की गिळून उतरायची.

रविवारी मी हट्टानं बाबांना स्कूटरवर बसवलं. मनात होतं, सोडून यायचं नाही, थांबायचं. वेळ आलीच तर गुडघ्याचं काहीतरी काढून घरी आणायचं. ते मागे व्यवस्थित बसले, मांडीवर व्हर्नियरची लाकडी पेटी. आकुर्डीच्या चढावर म्हणाले, ‘‘तू खालीच सोड मला. वर यायचं कारण नाही.’’ मी न ऐकल्यासारखं केलं. वरच्या हॉलमधे पोहे-जिलबीचा वास होता, तीसेक माणसं, बहुतेक तिशीतली, आणि दारातच मिहिर. अंगात टीशर्ट. छातीवर व्हर्नियर, चष्मा, मिशा.

‘‘अनुया? तू इथे कशी? ग्रुपवर आहेस तू?’’

मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी बाबा बोलले.

‘‘ह्या आमच्या सोसायटीतल्या,’’ ते म्हणाले. ‘‘इकडंच येत होत्या. मला तेवढं सोडलं त्यांनी. उपकार झाले हं, मॅडम. या आता तुम्ही.’’

असं म्हणून त्यांनी मला नमस्कार केला. हात जोडून. पेटी काखेत धरून. माझ्या बाबांनी. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं, परक्या माणसाशी असतो तेवढा अदबशीर चेहरा. मिहिर तोवर ओरडला होता, ‘‘इन्स्पेक्टर काका! अरे, काका आले!’’ आणि सगळे धावले. कुणी पाया पडलं, कुणी सेल्फी घेतला, कुणी तो नाकातला आवाज काढला आणि सगळे हसले, बाबाही हसले. त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं. मी दाराशी उभी. निघून जायला त्यांनी मला वाट करून दिली होती, अगदी नीट, सांधा दिसू नये अशी. मी गेले नाही. का? ते का असं बोलले? त्यांना मी नको होते का इथे? गेले चार दिवस मी आठवून पाहत होते आणि मला काही सापडत नव्हतं.

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर ग्रुपवरचे जुने फोटो सरकत होते. जुने वॉकमन, जळलेले चार्जर, कुणाचं तरी मांजर स्पीकरवर. मग आमची गाडी आली. मिहिरचा दातांसकट चेहरा, वर्षाली, मागे बंटीचा आरशातला डोळा, खाली ओळ, ‘इन्स्पेक्टर काकांचा फॅन क्लब, थेट वाकडच्या जॅममधून, हसून हसून बेजार.’ माझा चेहरा खरोखरच नव्हता. खांदा होता. आणि खाली मांडीवर, उजेडात, डब्याची पिशवी आणि तिच्या बंदाला लोंबणारा हिरवा टॅग.

फोटोखाली एकच अंगठा दाखवणारी खूण दिसत होती, तिच्याशेजारी नाव. बाबांचं.

म्हणजे त्या संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधीच त्यांनी ते पाहिलं होतं. ‘वाकडला फार अडकलात का,’ असं विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मी त्या हसण्यात होते, आणि गप्प होते, हे माहीत होतं. आणि त्यांनी काय केलं? रागावले नाहीत, रुसले नाहीत. उद्या कुणी त्या गाडीत टॅग पाहून ‘हे तर कारखान्यातलं’ असं म्हणेल, दोन आणि दोन चार करेल आणि आपली लेक ओशाळेल, म्हणून त्यांनी टॅग सोडून घेतला. मी त्यांना जपायचं नुसतं ठरवत बसले होते. मी आल्या दिवसापासून ते मला जपत होते. आज दारात तेच केलं, स्वतःलाच माझ्या बंदावरून सोडून घेतलं.

मिहिरनं माईक घेतला होता. ‘‘तर मंडळी, आता काका आपल्या हस्ते...’’

‘‘मिहिर,’’ मी म्हणाले. माईकशिवाय म्हणाले, पण मोठ्यानं निघालं असावं, कारण सगळे वळले. ‘‘ते माझे बाबा आहेत.’’

चारच शब्द. अर्धा हॉल अजून हसण्याच्या बेतात होता, तो तसाच थांबला. मिहिरच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला बघवेना. त्याचा एक हात नकळत टीशर्टवरच्या मिशांवर गेला. ‘‘तू... अगं मग गाडीत बोलली का नाहीस?’’

‘‘हसत होते ना तुमच्याबरोबर.’’

बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं आता माझ्याकडे येतील. पण त्यांनी पेटी उघडली, व्हर्नियर काढला, आणि मिहिरला म्हणाले, ‘‘आण बघू तुझा फोन. फार पातळ पातळ म्हणून लिहिलं होतंस ना परवा?’’ मोजला. काच पुसली, परत मोजला. ‘‘पातळ आहे. मान्य. माझा शेरा मागे.’’ मिहिर हसला, पण वेगळा, ओशाळा. ‘‘काका, सॉरी.’’ बाबा म्हणाले, ‘‘कशाबद्दल रे? मिशा तेवढ्या कमी कर, मला नाहीत.’’ तेव्हा कुठे हॉल सैल झाला. मग पोरांनी आपापले फोन पुढे केले, रांगच लागली, आणि बाबा एकेकाचा फोन मशीनवरून उतरलेल्या नगासारखा हातात घेऊन मोजत बसले. दोनदा तर त्यांचं माप चुकलं आणि एका मुलीनं दाखवून दिलं. ‘‘शिकलो,’’ ते म्हणाले. मी पोह्यांची बशी घेऊन त्यांच्या शेजारी बसून राहिले. मिहिरनं एक जिलबी आणून माझ्या बशीत ठेवली, आणि गेला.

येताना स्कूटरवर मी एकदा ‘बाबा’ म्हटलं. वाऱ्यात ते म्हणाले, ‘‘समोर बघ. खड्डा आहे.’’ खड्डा नव्हता.

सोमवारी सकाळी डबा टेबलावर होता, त्या जळक्या डागाशेजारी. बंद रिकामाच. मी पिशवी उचलली नाही. ‘‘टॅग कुठाय?’’

‘‘अं? धुवायला काढला होता.’’

‘‘प्लास्टिकचा टॅग?’’

‘‘तेल लागलं होतं गं त्याला.’’

‘‘मग द्या की परत.’’ माझा आवाज मलाच लहान वाटला. ‘‘का आता पिवळा बांधणार आहात?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नग हातात घेऊन उजेडात धरतात तसं. खाली बंटीनं हॉर्न वाजवला. मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. कपाटात नव्हता, पेटीत नव्हता. इतके दिवस तो त्यांच्या खिशात होता. प्लास्टिकला अंगाची ऊब आलेली होती. त्यांनी तो बंदाला बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि समाधान झालं नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली.

‘‘पहिल्या फटक्यात पास होणारे नग फार थोडे असतात,’’ ते गाठीकडे बघत म्हणाले. ‘‘तुझी आई सोडली तर मी तरी पाहिला नाही. जा, खोळंबलेत ते.’’

गाडीत मिहिर सरकून बसला आणि मला खिडकीची जागा दिली. वर्षाली काहीतरी विचारायच्या बेतात होती. मी पिशवी मांडीवर ठेवली, टॅग बाहेरच्या बाजूला वळवला, आणि तिनं विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.